पंढरीच्या वाटेवरचे गाठोडे

मृगाच्या सरी पडून पेरण्या मार्गी लागल्या, की गावोगावच्या घरांतून पंढरीच्या वाटेची बोलणी सुरू होतात. यंदा कोण निघणार, मागे म्हशीची धार कोण काढणार, कोळपणीला माणूस कुठून आणायचा, हे सगळे चार दिवस आधी ठरते. दिंडीची वर्गणी भरून होते. सोबत काय न्यायचे हे मात्र निघायच्या आदल्या रात्री ठरते आणि तेही घाईघाईत. लेक म्हणतो घोंगडी घ्या, सून म्हणते आणखी एक पांघरूण असू द्या, नात बिस्किटांचे दोन पुडे आणून कोंबते. घरातला प्रत्येक जण मायेने एकेक वस्तू गाठोड्यात घालतो, आणि ती सगळ्यांची माया पुढे अडीचशे किलोमीटर एकट्या आजीने वाहायची असते.

वाचकहो, वारीवर कीर्तने होतात, अभंग गाइले जातात, पुस्तकेही पुष्कळ आहेत. पण वारकऱ्याच्या खांद्यावर काय असावे आणि काय नसावे, यावर घरात बसून शांतपणे कोणी बोलत नाही. आज आपण तेवढ्याच एका गोष्टीविषयी बोलू. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट डोळ्यांपुढे ठेवू, आणि ती वाट आपल्या गाठोड्याला काय काय प्रश्न विचारते ते एकेक करून पाहू.

एका किलोचा हिशेब

ज्ञानोबा माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. म्हणजे सतरा-अठरा दिवसांची चाल. अंतर सुमारे २५० किलोमीटर. माणसाचे एक पाऊल दोन फुटांचे धरले, तर एवढ्या वाटेला सुमारे चार लाख पावले पडतात.

पन्नास किलोचे धान्याचे पोते ट्रॉलीत टाकणारा गडी म्हणेल, दोन-चार किलो जास्त झाले तर काय बिघडले? पण पोते एकदा उचलले, टाकले आणि मोकळे झालो. गाठोड्यातला जास्तीचा एक किलो मात्र चार लाख पावलांबरोबर चार लाख वेळा उचलावा लागतो. तो भार खांद्यावर पडतो, खांद्यावरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यावर आणि शेवटी पायाच्या तळव्यावर येऊन बसतो. आपण म्हणतो, "वयामुळे गुडघे गेले." पुष्कळदा वयाबरोबर गाठोड्याचाही त्यात वाटा असतो.

पायातल्या वजनाचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. चालण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी मोजून पाहिले आहे, की पायात घातलेल्या एका किलोने जो थकवा येतो तो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका असतो. पाठीवरचे वजन आपण नुसते पुढे नेतो, पायातले वजन मात्र प्रत्येक पावलाला उचलून, झोकून पुन्हा टेकवावे लागते. म्हणून जाड टायरच्या तळाची जड वहाण टिकाऊ असली तरी या वाटेला ती बरी नव्हे.

ओहायोची एक शेतकरीण

ओझे कमी करून लांब चालायचे हे आता परदेशात एक शास्त्रच झाले आहे. तिकडचे डोंगर तुडवणारे लोक अन्न, पाणी आणि जळण सोडून बाकी सगळ्या सामानाचे वजन दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत ठेवतात आणि त्याला 'अल्ट्रालाइट' म्हणतात. त्यासाठी महागड्या कापडाच्या पिशव्या आणि तंबू मिळतात. पण त्या लोकांना ज्या बाईचे नाव आदराने घ्यावेसे वाटते, ती कुणी श्रीमंत गिर्यारोहक नव्हती. ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली एक शेतकरीण होती. तिचे नाव एमा गेटवुड.

या बाईने अकरा मुले वाढवली, शेतात राबली, नवऱ्याचा मार सोसला आणि शेवटी त्याच्यापासून वेगळी झाली. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, "जरा चालून येते" एवढेच मुलांना सांगून ती घराबाहेर पडली. जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत अ‍ॅपलाचियन पर्वताच्या धारेधारेने एक पायवाट जाते. सुमारे ३३०० किलोमीटरची ती वाट तिने १४६ दिवसांत एकटीने पुरी केली. तिच्याजवळ तंबू नव्हता, अंथरुणाची पिशवीही नव्हती. जाड निळ्या कापडाची घरी शिवलेली एक थैली ती एका खांद्यावर टाकी. थैलीत एक लष्करी कांबळे, एक रेनकोट, न्हाणीघरात लावतात तसला प्लॅस्टिकचा एक पडदा आणि थोडे खाणे असे. पायांत कॅनव्हासचे साधे बूट. तोच पडदा पावसात डोक्यावर येई आणि रात्री अंगाखाली जाई. पुढे ती वाट ती आणखी दोनदा चालली.

गेटवुडबाईंची गोष्ट सांगायचे कारण एवढेच, की हलके सामान हे पैशाचे काम नाही. ते निवडीचे काम आहे. आणि निवड करण्यात शेतकऱ्याच्या घरातली बाई कोणाला हार जाणारी नाही. पोतेभर बियाण्यातून सुपात घोळून खडा न खडा वेगळा काढणे हे तिचे रोजचेच काम आहे.

ट्रक आहे ना!

तुम्ही म्हणाल, "आमच्या दिंडीचा ट्रक आहे. सामान ट्रकात जाते, आम्ही टाळ घेऊन मोकळे चालतो." बरोबर आहे. पण ट्रक आहे म्हणूनच सामान वाढते. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, फराळाचे दोन डबे असे करता करता एकेका माणसाचे वीस किलो होते. संध्याकाळी पालखीचा तळ पडला, की हजारो माणसांतून आपला ट्रक शोधायचा, ट्रकाच्या तळाशी गेलेली आपली वळकटी उपसून काढायची, आणि चिखलातून राहुटीपर्यंत ती ओढत न्यायची. पहाटे अंधारात पुन्हा तोच खेळ उलटा. दिवसभर चालून दमलेल्या माणसाला हे रोज दोनदा करावे लागते.

आणि एखाद्या दिवशी ट्रक गर्दीत अडकतो, रुततो किंवा दुसऱ्या वाटेने वळवला जातो. मग राहुटीही नाही, पांघरूणही नाही, आणि ज्यांची रक्तदाबाची गोळी ट्रकातल्या पेटीत आहे त्यांची पंचाईत होते.

म्हणून जुने वारकरी एक नियम पाळतात: *ट्रकात काहीही असो, एक रात्र काढता येईल एवढे खांद्यावर असले पाहिजे.* कोरडे अंथरायला, पांघरायला, पावसाला, प्यायला आणि औषध, एवढ्या पाच गोष्टी. हा नियम ध्यानात ठेवून पुढची वाट चालू.

दिवेघाट: पहिली परीक्षा

पुण्यातला मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडची वाट धरते. हा सगळ्या वारीतला सर्वांत लांब टप्पा, सुमारे तीस किलोमीटरचा. हडपसर मागे पडले की समोर दिवेघाटाची चढण उभी राहते. बहुधा त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी असते, म्हणजे पोटात उपवासाचे आणि पायाखाली घाट. वर पाहावे तर वळणावळणाने भगव्या पताकांची रांग चढत असते, आणि रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या असतात. ते दृश्य पाहायला लोक लांबून येतात.

पण चढणाऱ्याला त्या दिवशी स्वतःच्या गाठोड्याची खरी ओळख पटते. घाट चढताना वारकऱ्यांकडे नीट पाहा. वीणेकऱ्याला वीणा खाली ठेवता येत नाही. पखवाजाचा भार गळ्यात असतो, तो आळीपाळीने घ्यावा लागतो. कोणा माउलीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असते. ही ओझी श्रद्धेची आहेत, ती टाकायची नसतात. म्हणूनच त्यांच्याजोडीला दुसरे ओझे असता कामा नये.

आमच्या ओळखीच्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची वारी. यजमान गेले आणि घरातून वारीला जाणारे कोणी उरले नाही. मुलगा नोकरीवर, सुनेच्या पदरी लहान लेकरे. "वारी चुकायला नको," म्हणून मावशी वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्वतः निघाल्या. खांद्याला एकबंदी झोळी होती, त्यात यजमानांची घोंगडी, दोन लुगडी, पितळी तांब्या, लाडवांचा डबा. सासवडला पोचल्या तेव्हा उजवा खांदा सुजला होता आणि गुडघा वाकत नव्हता. तिथून एस. टी.ने त्यांना घरी परतावे लागले. गावात लोक म्हणाले, वय झाले. मावशींनी मात्र झोळी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. नऊ किलो भरली. पुढच्या वर्षी त्याच गुडघ्यांनी त्या पंढरपूरपर्यंत चालत गेल्या. काय बदलले ते पुढे वजनासह सांगतो.

आधी पिशवीचे. एका खांद्यावरच्या झोळीने शरीर एका बाजूला कलते आणि दिवसभर कंबर ते तोलत राहते. आपली जुनी पडशी त्या मानाने शहाणी, कारण तिचा अर्धा भार पुढे आणि अर्धा मागे येतो. त्याहून सोयीचे म्हणजे नातवाचे जुने दप्तर. दोन्ही खांद्यांवर सारखा भार, हात मोकळे. पट्टे रुंद असावेत, आणि दप्तर कमरेखाली लोंबू न देता पट्टे आवळून पाठीशी सरळ चिकटवावे. जड वस्तू पाठीकडच्या बाजूला, हलक्या बाहेर. दप्तराच्या आत आधी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि सगळे सामान तिच्यात भरून तोंड पिळून खोचावे. दप्तर भिजले तरी आतले कोरडे राहते.

जेजुरी ते नीरा: पाऊस आणि पांघरूण

सासवडहून जेजुरी. भंडाऱ्याने पिवळा झालेला खंडोबाचा गड दुरून दिसतो. मग वाल्हे, आणि पुढे नीरा नदी. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात लोणंदला उतरते. आळंदीपासून या भागापर्यंत पावसाळी ढगांची सोबत असते. झिमझिम, मधूनच एखादी जोरदार सर, आणि रात्री ओली जमीन.

इथे घोंगडीचा प्रश्न येतो. घोंगडी ही आपल्याकडची उत्तम वस्तू आहे. लोकर भिजली तरी ऊब देते, हे कापसाला जमत नाही. रानात राखणीला तिला तोड नाही. पण ती कोरडीच दोन किलोंच्या पुढे भरते, भिजली की पाणी पिऊन आणखी जड होते, आणि पावसाच्या दिवसांत वाटेवर वाळत नाही. शिवाय आषाढातल्या या वाटेवर कडाक्याची थंडी नसते. वारा आणि ओल यांपासून अंग झाकले की पुरते.

त्याऐवजी असे करावे. जुन्या मऊ लुगड्याची दोन धडपी एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घालावा. अर्ध्या किलोचे पांघरूण होते, आणि दोन पदरांमध्ये हवा अडकत असल्याने एका जाड चादरीपेक्षा ते बरे पडते. खाली अंथरायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा. खताच्या गोणीच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर उसवून, स्वच्छ धुऊन, दोन-तीन तुकडे जोडले तरी चालते. दिवसा पाऊस आला की तोच कागद डोक्यावरून दप्तरासकट अंगावर घ्यायचा. पूर्वीची पोत्याची खोळ हेच काम करी, पण गोणपाट भिजून जड होते आणि प्लॅस्टिक झटकले की कोरडे. रात्री तोच कागद पुसून अंगाखाली.

हेच हलक्या सामानाचे खरे मर्म आहे: एका वस्तूने दोन-तीन कामे केली पाहिजेत. पंचा घ्या. तो अंग पुसायला, उन्हात डोक्याला, गढूळ पाणी गाळायला आणि रात्री घडी करून उशाला. काठी घ्या. ती चढणीला आधार, कुत्र्याला धाक, आणि मुक्कामावर कपडे वाळत घालायला दांडी. जी वस्तू एकच काम करते आणि तेही चार दिवसांतून एकदा, तिला घरीच राहू द्यावे.

कपड्यांचे सांगायचे तर अंगावर एक आणि दप्तरात एक. तिसरा नको. सुती लुगडे पाऊण किलोच्या आसपास भरते. ओले झाले की दुप्पट. मुक्कामावर पोचताच ओले धुऊन पिळून टाकावे, कोरडे नेसावे. सकाळपर्यंत ते दमट राहिले तरी तेच नेसून निघावे, अंगावर तासाभरात वाळते. रात्रीचे कोरडे वस्त्र मात्र कोरडेच जपावे. ओल्या कपड्यांत झोपू नये.

लोणंद ते माळशिरस: ऊन आणि पाय

लोणंद सोडल्यावर तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो. तिथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. पुढे फलटण, बरड, आणि धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागतो. मग नातेपुते, माळशिरस. आता तुमच्या ध्यानात येईल की देश बदलला. सह्याद्रीने अडवलेला पाऊस इथवर पोचता पोचता विरळ होतो. कालव्याच्या पाण्यावर ऊस हिरवा दिसतो, पण कालवा जिथे पोचत नाही तिथे माळ उघडेच. आषाढात इथे पावसाऐवजी ऊनच तापते. पालखी मार्ग रुंद करताना जुनी झाडे बरीच गेली, त्यामुळे सावलीही लांब लांब. डांबर आणि सिमेंट तापले की वहाणेच्या तळातून चटका लागतो.

या भागात हाल होतात ते पायांचे. फोड कशाने येतो? ओलसर कातडीवर वहाण घासली की. म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, पाय कोरडे ठेवावेत. दर विसाव्याला वहाणा काढून पाय पुसावेत, वाऱ्यावर धरावेत. दोन, घासण्याच्या जागी सकाळीच खोबरेल चोळावे. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे, नवी वहाण घालून वारीला निघू नये. नवी कोल्हापुरी दिसायला सुरेख, पण ती आधी महिनाभर शेतावर घालून पायाची करून घ्यावी. कॅनव्हासचे हलके बूट किंवा पट्ट्याची सँडल चालते. भिजली तरी लवकर वाळते. पायात जळजळ सुरू होताच थांबावे आणि तिथे चिकटपट्टी लावावी. "पुढच्या मुक्कामी बघू" म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. आलेल्या फोडाची कातडी सोलू नये. तीच त्याचे झाकण असते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे दोनदा वाचावे. साखरेच्या आजारात पायाची संवेदना कमी होते, जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून कळत नाही आणि ती चिघळते. अशा वारकऱ्याने अनवाणी चालू नये. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर सोबतीणीला पाहायला सांगावे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून "मी इतके दिवस चालणार आहे" हे सांगून गोळ्यांचे आणि खाण्याचे वेळापत्रक ठरवून घ्यावे.

पाण्याचे एक लक्षात ठेवा: एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. वाटेवर टँकर असतात, गावकरी पाणी देतात, म्हणून तीन बाटल्या पाठीवर घेऊन चालण्याचे कारण नाही. एक लिटरची एक बाटली, संपली की भरायची. पाण्याची शंका आली तर क्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. आणि हात जोडून सांगतो, कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नका. तो विषाचा डबा आहे आणि विषाचाच राहतो.

उन्हात घाम गेला, जुलाब झाले, तर क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात घोळून घोट घोट प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये.

खाण्याचे ओझे तर अगदीच अनावश्यक. दिंडीत दोन वेळचे जेवण असते, वाटेवर अन्नदान असते. मुठीमुठीने खायला पावशेर शेंगदाणे-गूळ पुरे. थोड्या वजनात जास्त बळ देणारे असे दुसरे खाणे शोधून सापडणार नाही. लाडवांचा डबा घरच्या मुलांना ठेवावा.

औषध आणि ओळख

वेळापूरच्या उतारावरून वारकरी धावत सुटतात. त्याला धावा म्हणतात. पंढरी जवळ आली या आनंदात वय विसरून सगळे धावतात, आणि नेमकी तिथे व पुढे वाखरीला चुकामूक होते. वाखरीत ठिकठिकाणच्या पालख्या एकत्र येतात. एवढ्या गर्दीत म्हातारे माणूस दिंडीपासून तुटले की घाबरून जाते. कधी मुलाचा फोन नंबरही आठवत नाही.

म्हणून कोणत्याही वस्तूच्या आधी एक कागद तयार करा. त्यावर नाव, गाव-तालुका, दिंडीचा क्रमांक आणि ती रथाच्या पुढची की मागची, घरच्या दोघांचे फोन नंबर, रोजची औषधे आणि काही आजार असेल तर तो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात नव्हे, तर अंगावरच्या कपड्याच्या आतल्या खिशात ठेवावा. त्याला वजन नाही, पण त्याच्याइतकी किंमत दुसऱ्या कशालाच नाही. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. गळ्यात तुळशीची माळ शोभते आणि चोराची भीती राहत नाही.

औषधांच्या पूर्ण बाटल्या व खोकी नेऊ नयेत. जितके दिवस लागतील त्याहून तीन-चार दिवसांच्या जास्त गोळ्या पट्टीसकट कापून घ्याव्यात, म्हणजे नाव आणि मुदत कळते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. हे सगळे ट्रकात नव्हे, खांद्यावर. वजन कमी करायचे म्हणून औषध मात्र कधीही कमी करायचे नसते.

मावशींच्या दप्तरातले सामान

आता मावशींनी दुसऱ्या वर्षी काय नेले ते पाहा. दुकानाच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून त्यांनी वजने घेतली होती.

दप्तर ४०० ग्रॅम. प्लॅस्टिकचा कागद २५०. धडप्यांचे दुपदरी पांघरूण ५००. एक लुगडे आणि चोळी ८००. पंचा १५०. स्टीलचा एक वाडगा, ज्यात जेवणही आणि चहाही, १५०. पाण्याची रिकामी बाटली ५०. औषधे, क्षारसंजीवनीच्या पुड्या, खोबरेल आणि चिकटपट्टी मिळून २५०. लहान मोबाइल, त्याचा चार्जर आणि बॅटरी ३००. टाळ आणि हरिपाठाची छोटी पोथी ४००.

एकूण सव्वातीन किलो. त्यात लिटरभर पाणी आणि पावशेर शेंगदाणे-गूळ घातले की साडेचार. पहिल्या वर्षीचे नऊ, दुसऱ्या वर्षीचे साडेचार. बरोबर अर्धे.

टाळ काढले असते तर आणखी हलके झाले असते, असे कोणी त्यांना म्हणाले. मावशी म्हणाल्या, "टाळासाठीच तर बाकीचे कमी केले." हे वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटते. हलके करणे म्हणजे सगळेच टाकणे नव्हे. जे न्यायचेच आहे त्याला जागा करून देण्यासाठी बाकीचे टाकायचे.

आधी गावात चालून पाहा

पेरणीआधी जी बियाण्याची उगवण तपासून पाहतो तो शेतकरी शहाणा. गाठोड्याचेही तसेच. निघण्याच्या तीन आठवडे आधी दप्तर भरा आणि ते घेऊन आठवडी बाजाराला चालत जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुठल्या देवस्थानापर्यंत. एका दिवसाच्या चालीत सगळेच सोपे वाटते. लागोपाठ तीन दिवस चाललात की पट्टा कुठे काचतो, वहाण कुठे चावते, ते कळते. एक रात्र ओट्यावर तेच कागद-पांघरूण घेऊन झोपून पाहा.

मग सामान अंगणात पसरा आणि तीन ढीग करा. रोज लागले ते, एकदा लागले ते, आणि लागलेच नाही ते. तिसऱ्या ढिगातून औषध आणि ओळखीचा कागद तेवढा परत दप्तरात, बाकी सगळे फडताळात. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला विचारा, "हे काम दुसरे कोणी करील का?" आणि एक वस्तू दोघींत चालेल का तेही पाहा. तेलाची बाटली, चार्जर, कात्री हे दोघींत एकच पुरते. सोबत म्हणजे तरी दुसरे काय!

शेगाव, त्र्यंबकेश्वर किंवा आपल्याच तालुक्यातल्या देवीच्या वाटेवर चालणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

आणि एक शेवटचे. दप्तरात थोडी जागा मोकळी असू द्या. पंढरपुरात कुंकू-बुक्का घ्यायचा असतो, तुळशीची माळ घ्यायची असते. घोंगडीची हौस असेल तर तीही तिथे चांगली मिळते; परतीला एस. टी. असते, तेव्हा खुशाल घ्यावी. आणि घरी वाट पाहणाऱ्या लेकरांसाठी प्रसादाला चुरमुरे-बत्तासे घ्यावेत. पिशवीभर घेतले तरी चुरमुऱ्यांना वजन ते कितीसे असणार!